सहाशे म्हणजे सहाशेच

पोरी, महागड्या कॅमेऱ्यांच्या मर्यादित आवृत्त्या विकायचं काम तू घेतलंस हे ताईकडून कळलं आणि फार बरं वाटलं. माझं आयुष्य फोर्टातल्या काउंटरमागे गेलं. तिथे साठवलेले पैसे मोजत येणारे कॉलेजचे पोरगे यायचे आणि गिरण्यांचे मालकही. चांगला कॅमेरा हातात आला की दोघांचे डोळे सारखेच चमकायचे. तू हुशार आहेस, बोलतेसही भराभर, म्हणून आधीच सांगतो, हे सावकाश वाच. चहा घेऊन बस आणि फोन पालथा ठेव. ठेवणार नाहीस हे मला ठाऊक आहे, तरी सांगतो.

आधी आकड्याचं बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

१. किती नग बनणार ते पहिल्याच दिवशी सांग आणि नंतर त्यात एकही वाढू देऊ नकोस — गिऱ्हाइकाने जादा पैसे त्या शब्दापोटी मोजलेले असतात.

२. लायकाचं एक उदाहरण तोंडपाठ ठेव. त्यांचा पहिला एम३ आला १९५४ साली. साठ वर्षं झाली म्हणून २०१४ मध्ये त्यांनी मागचा स्क्रीनच नसलेला डिजिटल कॅमेरा काढला, स्टीलच्या बॉडीचा, फक्त ६००. पुढे २०१६ मध्ये बिनस्क्रीनचा एम-डी नेहमीच्या उत्पादनात आला, पण वेगळ्या नावाने, वेगळ्या बॉडीत आणि पुष्कळ कमी किमतीत — कल्पना सगळ्यांना मिळाली, आणि ज्यांनी आधी घेतला त्यांचे सहाशे सहाशेच राहिले.

३. आकड्याला कारण हवं. फुजीफिल्मची स्थापना १९३४ ची; कंपनीला नव्वद वर्षं झाली तेव्हा, २०२४ मध्ये, त्यांनी एक्स१००व्हीआयची खास आवृत्ती काढली, जगभरात मिळून १,९३४ नग — "एवढेच का?" असं कुणी विचारलं की उत्तर एका वाक्यात संपतं.

४. मासिकांना दाखवायला दिलेले, शोरूमच्या काचेत ठेवलेले, साहेबांच्या कपाटात गेलेले नग त्या आकड्यात धरलेत की नाहीत, ते आधी विचारून घे आणि विचारणाऱ्याला खरं सांग — कॅमेऱ्यावर आकडा कोरला की आपली जीभही त्याला बांधली जाते.

५. "पाचच उरले" असं तेव्हाच म्हण जेव्हा खरोखर पाच उरलेत. सहा असतील तर सहा म्हण.

६. दर दोन-चार महिन्यांनी नवा रंग, नवं कातडं, नवी "दुर्मिळ" पेटी काढायचा बेत ठरत असेल तर बैठकीत हात वर कर — संग्राहक दमतो, आणि दमलेला संग्राहक भांडत नाही, फक्त यायचा बंद होतो.

आता गोष्टीकडे येऊ. मर्यादित आवृत्तीला गोष्ट लागते, आणि जाहिरात लिहिणाऱ्यांचा हात इथेच सुटतो. तू त्यांच्या शेजारी बसशील, म्हणून हे जरा लांबवून सांगतो.

७. गोष्ट खरी असली पाहिजे आणि कॅमेऱ्याशी तिचं नातं रक्ताचं असलं पाहिजे. लायका आणि फॅशनचं फ्रेंच घराणं एर्मेस यांनी २०१२ मध्ये एम९-पीची जोड आवृत्ती काढली, ३०० नगांची. तिच्याबरोबर १०० नगांची आणखी एक आली, तीन लेन्सच्या संचासह, ज्याँ-लुई द्युमा यांच्या नावाने. हे द्युमा एर्मेसचे प्रमुख होते आणि स्वतः आयुष्यभर लायकाने फोटो काढायचे. दोन वर्षांपूर्वीच ते वारले होते. संचाची किंमत पन्नास हजार डॉलरच्या घरात होती, आणि तरीही ते नाव तिथे शोभलं — कारण मालकाचा छंद लोकांना आधीपासून माहीत होता.

८. खरी गोष्ट दोन ओळींत मावते, खोटीला पुस्तिका लागते. पुस्तिका जाडजूड व्हायला लागली की संशय घे.

९. नावाजलेल्या माणसाचं नाव जोडायचं असेल तर तो कॅमेरा वापरतो का, ते बघ. लेनी क्रॅविट्झ हा गायक, पण छायाचित्रणाचा खरा शौकीन. वडील टीव्हीच्या बातम्यांच्या कामात, पहिला लायका घरातूनच मिळालेला. त्याने २०१५ मध्ये लायकासाठी "करस्पॉन्डंट" आवृत्ती केली, १२५ संच, काळा रंग कारखान्यातच हाताने घासून खालचं पितळ दिसेल असा केलेला, जुन्या वार्ताहरांच्या झिजलेल्या कॅमेऱ्यांची आठवण म्हणून. दुसऱ्याने घासलेला कॅमेरा विकत घेणं माझ्या मनाला पटत नाही, झीज आपल्या हाताची असावी. पण त्या आवृत्तीवर कुणी खोटेपणाचा आरोप करू शकत नाही — गोष्ट त्या माणसाच्या घरातली होती.

१०. आता उलटं उदाहरण. हॅसलब्लाड म्हणजे चंद्रावर गेलेला कॅमेरा. १९६९ ला अपोलो ११ बरोबर गेला, आणि परतताना वजन वाचवून दगड-माती आणता यावी म्हणून अंतराळवीरांनी अपोलोच्या मोहिमांमध्ये बारा बॉड्या तिथेच ठेवल्या, फिल्मची मॅगझिन तेवढी परत आणली. एवढी श्रीमंत गोष्ट हातात असताना कंपनीने २०१२ च्या फोटोकिना प्रदर्शनात "लुनार" नावाचा कॅमेरा दाखवला: बाहेर लाकूड, चामडं, कार्बन फायबर, आणि आत सोनीचा नेक्स-७. किंमत मूळ सोनीच्या कितीतरी पट. शौकिनांनी आतलं यंत्र लगेच ओळखलं आणि जगभर टिंगल झाली. पुढे कंपनीने ती वाट सोडली आणि २०१६ मध्ये एक्स१डी हा स्वतःचा, मनापासून केलेला कॅमेरा आणला, तेव्हा तेच शौकीन परत आले — त्यांना महागाईचा राग नव्हता, चंद्राचं नाव वापरल्याचा होता.

११. म्हणून बॉक्सवरचं प्रत्येक वाक्य कारखान्यातल्या माणसाला वाचून दाखव. तो खाली बघायला लागला तर ते वाक्य काढ.

१२. "हाताने बनवलेला" असं लिहिण्याआधी कुठला भाग कोणत्या हाताने बनतो ते विचार — शिवण हाताची आणि बाकी मशीनचं असेल तर तेवढंच लिहावं, तेही पुरेसं सुंदर असतं.

१३. आपल्याकडे काम केलेल्या छायाचित्रकारांची ओळख ठेव. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला रोलायफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिक घेऊन ऐन स्वातंत्र्याच्या काळात फिरल्या. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँने १९४८ मध्ये गांधीजींचे अखेरचे दिवस लायकाने टिपले. मुंबईचं गिऱ्हाईक समोर बसलं असताना लायकाच्या गावच्या, वेट्झलारच्या गोष्टींआधी या निघाल्या तर ते खुर्ची पुढे ओढतं.

१४. याच ब्रेसाँने आपल्या लायकाची चकाकी काळ्या टेपने झाकली होती, कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. २०१८ चा एम१०-पी समोरच्या लाल ठिपक्याशिवाय आला तेव्हा जाणत्यांना त्याचं मोल लगेच कळलं. ज्याला खरं कळतं त्याला नाव मोठं करून दाखवावं लागत नाही — अशा गिऱ्हाइकाला आधी साधा, काळा पीस दाखव.

कॅमेरा हा कॅमेराच असला पाहिजे, हे सांगायला नको, पण सांगतो. सोन्याचं बटण दाबलं तरी फोटो काचेतूनच येतो.

१५. नव्या आवृत्तीत सजावटीखेरीज काय वेगळं आहे ते शोधून काढ. २०१० चा एम९ टायटन वॉल्टर द सिल्वा या मोटारींच्या डिझायनरने रेखला, ५०० नग. टायटॅनियमची सगळे वाखाणणी करत होते, पण व्ह्यूफाइंडरमधल्या चौकटी एलईडीने उजळायची सोय त्यात होती, आणि तीच पुढे नेहमीच्या एम मालिकेत आली. हौशी माणसाला ही एक गोष्ट दाखवलीस की चामड्याबद्दल बोलावं लागत नाही.

१६. काहीच वेगळं नसेल तर तसं कबूल कर. "यंत्र तेच आहे, रूप वेगळं आहे" असं स्पष्ट सांगितलेलं गिऱ्हाईक रागावत नाही. घरी जाऊन कळलं तर मात्र परत येऊन चारचौघांत विचारतं.

१७. सगळ्यात महाग कॅमेऱ्याची कथा सांगायचीच असेल तर पूर्ण सांग. जून २०२२ मध्ये वेट्झलारच्या लिलावात एक लायका १ कोटी ४४ लाख युरोला गेला. तो १९२३ च्या ०-मालिकेतला, म्हणजे १९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत पहिला लायका बाजारात यायच्या आधी चाचणीसाठी केलेल्या वीस-पंचवीस नगांपैकी. त्याला सोनं नाही, मगरीचं कातडं नाही. लायकाचा जनक ऑस्कर बार्नाक याने तो स्वतः वापरला, त्याचं नाव व्ह्यूफाइंडरवर कोरलेलं आहे. किंमत वापराची आणि इतिहासाची आली — म्हणून नव्या आवृत्तीच्या गिऱ्हाइकाला हा आकडा दाखवून "तुमचंही असं होईल" असं कधीही सुचवू नकोस.

१८. तसंच जॉनी आइव्ह आणि मार्क न्यूसन या डिझायनरांनी केलेल्या एकमेव लायकाचं. न्यूयॉर्कला २०१३ मध्ये तो १८ लाख डॉलरला गेला, पण तो एड्सविरोधी कामाच्या मदतीसाठीचा लिलाव होता — बोली लावणाऱ्याने त्यात दानही घातलं होतं.

१९. "गुंतवणूक" हा शब्द तोंडातून काढू नकोस, गिऱ्हाइकाने काढला तरी. काही आवृत्त्यांची किंमत वाढते, काहींची दुकानाबाहेर पडताच उतरते, आणि कुठलीचं काय होईल हे आज सांगता येत नाही — भाव वाढला तर श्रेय तो स्वतःच्या नजरेला देईल, पडला तर तुझ्या शब्दाला दोष देईल.

आता माणसांचं. इथे माझा जीव जास्त अडकलाय, कारण कॅमेरे कारखान्यात बनतात, गिऱ्हाईक काउंटरवर बनतं.

२०. दारातून कोण आलं ते चपलांवरून ठरवू नकोस. मुंबईच्याच दिलीश पारेख यांच्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्रहाची नोंद गिनेस बुकात झाली आहे. या शहरात वेड कुठल्या गल्लीत राहतं ते कपड्यांवरून कळत नाही.

२१. नवरा-बायको आले की कॅमेरा आपसूक पुरुषाच्या हातात देऊ नकोस. "कोण बघणार?" एवढंच विचार — पुष्कळदा पैसे आणि पारख दोन्ही बाईंकडे असतात, आणि ही गोष्ट तुला तरी मी सांगायला नको.

२२. पाच वर्षं पैसे साठवून येणारा हौशी आणि फोनवरच "एक ठेवा माझ्यासाठी" म्हणणारा धनिक, दोघांना सारखाच वेळ दे. धनिक एक आवृत्ती घेईल; हौशी दहा मित्रांना सांगेल, आणि त्यातला एक पुढे धनिक होईल.

२३. हौशी माणूस हप्त्यांचं विचारू लागला आणि त्याच्या चेहऱ्यावर ओढाताण दिसली, तर त्याला जुना, चांगल्या स्थितीतला साधा पीस सुचव. तुझा महिन्याचा आकडा थोडा खाली येईल, येऊ दे — ज्याला ताण देऊन विकलंस तो कॅमेरा बघताना दर वेळी तुला आठवतो, आणि चांगल्या शब्दांत आठवत नाही.

२४. नावं कशी नोंदवणार, कोणाला कोणता क्रमांक मिळणार, हा नियम विक्री सुरू व्हायच्या आधी कागदावर लिही आणि सगळ्यांना दाखव. एकाला ७ हवा असतो, एकाला १०८, एकाला मुलीच्या जन्मतारखेचा, आणि पहिला क्रमांक तर सगळ्यांनाच. नियम नसला की ज्याचा फोन मोठा त्याला मिळतो.

२५. एकदा क्रमांक दिला की कितीही मोठा माणूस आला तरी तो काढून घेऊ नकोस. पंगतीत पान मांडलेल्या माणसाला उठवावं तसं ते होतं, आणि उठवलेला माणूस ते विसरत नाही.

२६. नाही म्हणायचं असेल तर त्याच दिवशी, स्वतः फोन करून म्हण. आज ज्याला नाही म्हटलं, तोच उद्याचं गिऱ्हाईक — तोंडाने सांगितलेला नकार माणूस पचवतो, न आलेल्या फोनचा पचवत नाही.

२७. तिकिटांचा काळाबाजार करतात तसे इथेही असतात: घेऊन आठवड्यात दुप्पट भावाने विकणारे. घेणाऱ्याच्या नावाने बिल कर, पीस त्याच्याच हातात दे, एकाला एकच दे, आणि पेटी तिथेच उघडून पहिला फोटो त्यालाच काढायला लाव. असं केल्याने सगळे थांबणार नाहीत, पण खऱ्या शौकिनाला कळतं की दुकान त्याच्या बाजूने उभं आहे.

२८. किंमत सांगताना आवाज खाली आणू नकोस आणि हसून वेळही मारू नकोस. आकडा सांग, आणि गप्प राहा — पहिलं बोलायचा मान गिऱ्हाइकाचा.

२९. सूट कोणालाच देऊ नकोस, माझ्या ओळखीने आलेल्यालाही नाही. जे आधी पूर्ण किमतीला घेऊन गेले ते सगळे त्या सवलतीने फसवले जातात, आणि बातमी संध्याकाळपर्यंत पोचते.

३०. कोणी काय घेतलं हे दुसऱ्याला सांगू नकोस, नाव न घेतासुद्धा नाही. "पेडर रोडवरचे एक गृहस्थ" असं म्हटलंस की पेडर रोडला लगेच कळतं.

३१. विक्रीच्या समारंभात भाषणं कमी आणि कॅमेरे हातात जास्त. सकाळी सातला पाच-सात जणांना घेऊन काळा घोडा ते बॅलार्ड इस्टेट चालत जा, दगडी इमारतींवर कोवळं ऊन असतं. परत येऊन त्यांच्याच एकेका फोटोचा चांगला प्रिंट काढून दे. घरी भिंतीवर लागलेला प्रिंट पुढची विक्री तुझ्याशिवाय करतो.

हाताच्या सवयींचं भरभर सांगतो, त्या तुझ्यात आहेत, फक्त विसरतेस.

३२. कॅमेरा दाखवताना खाली जाड मऊ कापड, तुझ्या बोटांत अंगठी नाही, मनगटात कडं नाही — टायटॅनियमलाही ओरखडा पडतो आणि सोन्याच्या मुलाम्याला तर नुसत्या बकलाचा पडतो.

३३. पट्टा आधी गळ्यात, मग कॅमेरा हातात. माणूस कितीही जपणारा असो, हा क्रम बदलू नकोस.

३४. पांढरे हातमोजे घालून कॅमेरा पेटीतच दाखवायची नवी पद्धत आली आहे, ती तुझ्याकडे नको. त्याला धरू दे, रिंग फिरवू दे, शटरचा आवाज कानाजवळ ऐकू दे.

३५. पेटी, कागद, टोपी, पट्टा, प्रमाणपत्र, सगळं जपायला सांग आणि कपाटात कुठे ठेवणार तेही विचार — पुढे विकायची वेळ आलीच तर रिकाम्या पेट्यांनासुद्धा भाव येतो.

कागदपत्रांवर मी जरा कडक आहे, सांभाळून घे. घाईचा सौदा, बिलात बोंब.

३६. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कोणाकडूनही घेऊ नकोस, आयकर कायद्यात त्याला बंदी आहे. आणि दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो. "थोडे रोख, थोडे चेक" असं म्हणणाऱ्याला चहा पाज आणि चेकच घे.

३७. बिल पूर्ण रकमेचं कर. कमी दाखवलेल्या बिलावर विमाही कमीच मिळतो, आणि चोरी झाल्यावर ते त्याच्या लक्षात येतं.

३८. बाहेरून आपल्या सामानातून आणलेला पीस "सेटल करून द्या" म्हणून कोणी आलं तर जकातीची पावती माग. पावती नाही तर तो पीस काउंटरवर ठेवूही देऊ नकोस.

३९. सरडा, मगर, अजगर यांच्या खऱ्या कातड्याची आवृत्ती असेल तर सरहद्द ओलांडताना वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराचे कागद लागतात, हे गिऱ्हाइकाला आधी सांग — त्याच्या पोराने तो कॅमेरा लंडनला नेला आणि विमानतळावर अडला, तर पहिला फोन तुलाच येईल.

४०. सोनेरी लायका घेऊन कोणी आलं की आनंदाच्या आधी भिंग काढ. लायकाने १९३० च्या आसपास सोन्याचा मुलामा आणि खास कातडं लावलेले "लुक्सस" कॅमेरे केले खरे, पण शंभराच्या आतच. आज जे सोनेरी लायका हातोहात फिरतात त्यातले बहुतेक सोव्हिएत फेड किंवा झोर्कीवर सोनं चढवून, खोटं नाव कोरून केलेले असतात. आजोबांची वस्तू म्हणून आणणारा माणूस बहुधा प्रामाणिक असतो, म्हणून सगळ्यांसमोर "नकली" म्हणू नकोस. आत बसव, पाणी दे, कोरलेली अक्षरं आणि क्रमांक दाखव आणि हळू सांग.

आणि विक्रीनंतरचं. बहुतेक दुकानं इथे हात झटकतात, तू झटकू नकोस.

४१. मुंबईत, कोकणात, गोव्यात लेन्सला पावसाळ्यात बुरशी लागते आणि ती काचेवरचा थर खाऊन जाते. कॅमेरा देताना ड्राय कॅबिनेटचं विचार, हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवायला सांग, आणि चामड्याच्या केसमध्ये महिनोन् महिने बंद करून ठेवू देऊ नकोस — केस ओल धरते आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

४२. पेटी न फोडता ठेवणाऱ्यालाही सांग की यंत्र झोपवून ठेवलं की आखडतं. दोन-तीन महिन्यांनी काढून शटर सगळ्या वेगांवर चालवावं, बॅटरी वेगळी आणि अर्धी भरलेली ठेवावी.

४३. डिजिटल कॅमेरा म्हातारा होतो, हे लपवू नकोस. एम९ च्या सेन्सरवरच्या काचेला पुढे गंज धरू लागला, आणि एर्मेस असो की टायटन, आत सेन्सर त्याच घराण्याचा होता. लायकाने तो प्रश्न मान्य करून कित्येक वर्षं सेन्सर बदलून दिले. म्हणून तुझ्या कंपनीला आजच विचार की या आवृत्तीचे सुटे भाग किती वर्षं ठेवणार, आणि मिळालेलं उत्तर लेखी घे — १९५४ चा एम३ आजही एखादा चांगला कारागीर उघडून दुरुस्त करतो, २०१० च्या डिजिटलला कंपनीच लागते.

४४. दसऱ्याला पुष्कळ जण कॅमेऱ्याची पूजा करतात, करावीच. फक्त झेंडू-कुंकू वाहण्याआधी लेन्सला टोपी आणि बॉडीला बॉडीकॅप लावायला आठवण कर, नवरात्रातच फोन करून. कुंकवाची पूड रिंगमध्ये गेली की निघत नाही.

४५. वर्षातून एकदा, काहीही विकायचं नसताना, प्रत्येक मालकाला फोन कर आणि "काही फोटो काढलेत का?" एवढंच विचार. काढले असतील तर बघायला माग. नसतील काढले तर चालायला बोलव.

४६. तुला स्वतःला यातला एखादा कॅमेरा घ्यावासा वाटेल, आणि दुकानातली म्हणून रांगेच्या पुढे घ्यायची सोयही होईल. रांगेत नाव लाव आणि वाट बघ.

आता कामाला लाग. आणि पहिला पीस गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी बॉडीवरचा, पेटीवरचा, प्रमाणपत्रावरचा आणि बिलावरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी, मोठ्याने वाचून, एकदा ताडून बघ.